शिपिंग बिलाचा 'एसबी ००५' : आयजीएसटी रिफंड नेमका कुठे अडकतो आणि कसा सोडवायचा

"मॅडम, माल जाऊन तीन महिने झाले, पार्टीचे डॉलरही जमा झाले. रिफंड काही येत नाही. सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) म्हणतो जीएसटीवाल्यांना विचारा, सीए म्हणतात कस्टम्सला विचारा."

असा फोन आला की मी पहिला प्रश्न एकच विचारते : कोड कोणता दाखवतोय? पलीकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, "कोड म्हणजे?" कोड म्हणजे रिफंड कशामुळे अडकला ते सांगणारा, कस्टम्सच्या पोर्टलवर दिसणारा क्रमांक. तिथून कामाला सुरुवात होते.

मी बारा वर्षं निर्यातीचे कागद करते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पहिले काही महिने रिफंडचा सगळ्यांचाच गोंधळ होता, त्यामुळे 'सिस्टिमचा प्रॉब्लेम' हे उत्तर खपून जायचं. आता सिस्टिम रुळली आहे. अडकलेल्या दहा केसेस उघडल्या तर सात-आठ ठिकाणी दोष आपल्याच टेबलावरच्या दोन कागदांत सापडतो, आणि त्यातही 'एसबी ००५' चा, म्हणजे कस्टम्सकडे निर्यातीसाठी भरलेल्या शिपिंग बिलावरचा आणि जीएसटी रिटर्नमधला बिल नंबर न जुळण्याचा, नंबर पहिला. म्हणून हे त्याच्यावरच लिहिते आहे. बाकीचे कोड जाता जाता येतील.

आधी एक गैरसमज. आयजीएसटी (राज्याबाहेरच्या आणि परदेशी व्यवहारांवरचा जीएसटी) भरून माल निर्यात केला की रिफंडसाठी वेगळा अर्ज करायचा नसतो. सीजीएसटी नियमावलीतल्या नियम ९६ प्रमाणे शिपिंग बिल हाच अर्ज. जहाजाचं किंवा विमानाचं ईजीएम (गेलेल्या मालाची कस्टम्सला दिलेली यादी) दाखल झालं आणि तुमचं जीएसटीआर-३बी (कर भरल्याचं रिटर्न) भरलं गेलं की अर्ज पूर्ण झाला असं धरतात. त्यापुढे माणूस जवळजवळ नाहीच. जीएसटी पोर्टल तुमच्या जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) च्या टेबल ६ए मधली निर्यातीची बिलं आइसगेटकडे, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलकडे, पाठवतं, कस्टम्सची आयसीईएस ही प्रणाली ती शिपिंग बिलाशी ताडून बघते, जुळली तर स्क्रोल (द्यायच्या रिफंडची यादी) निघतो आणि पीएफएमएस या सरकारी पेमेंट प्रणालीमार्फत पैसे खात्यात पडतात. जुळली नाहीत तर कुणी फोन करत नाही, पत्र येत नाही. नोंद तशीच पडून राहते. त्रास हाच आहे. कुणी नाकारलेलं नसतं, त्यामुळे भांडायला समोर कुणी सापडत नाही.

म्हणून कुणालाही फोन करण्याआधी नोंद या तीनपैकी कोणत्या टप्प्यावर थांबली आहे ते बघा.

पहिला टप्पा : जीएसटी पोर्टलवरून नोंद पुढे गेली का?

पोर्टलवर सर्व्हिसेस, मग रिफंड्स, आणि तिथे 'ट्रॅक स्टेटस ऑफ इन्व्हॉइस डेटा टू बी शेअर्ड विथ आइसगेट' असा लांबलचक नावाचा पर्याय आहे. महिना निवडा. नोंद गेलेली नसेल तर कस्टम्समध्ये कितीही हेलपाटे घाला, त्यांच्या स्क्रीनवर तुमचं बिल दिसणारच नाही.

नोंद न जाण्याची दोन मोठी कारणं. एक म्हणजे जीएसटीआर-३बी च्या ३.१ (बी) या रकान्यात, जिथे शून्य दराचा करपात्र पुरवठा दाखवतात, तिथला आयजीएसटी कमी आहे. तो जीएसटीआर-१ च्या ६ए आणि ६बी मधल्या एकूण आयजीएसटीएवढा किंवा त्याहून जास्त असावा लागतो. (६बी म्हणजे सेझला दिलेला माल.) घाईत कुणीतरी निर्यातीचा आकडा ३.१ (ए) मध्ये, देशांतर्गत विक्रीत मिसळून टाकतं. कर तेवढाच भरला जातो, त्यामुळे हिशेबात काही खटकत नाही, पण पोर्टलच्या लेखी निर्यातीवर कर भरलेलाच नसतो. दुसरं कारण अगदीच साधं : ६ए मध्ये शिपिंग बिलाचा नंबर, तारीख आणि पोर्ट कोड रिकामे. ते रिकामे ठेवले तरी रिटर्न बिनतक्रार दाखल होतं, कारण बिल आधी फाटतं आणि शिपिंग बिलाचा नंबर नंतर मिळतो. "नंतर भरू" म्हणून ठेवलेले ते रकाने मग तसेच राहतात. ई-इन्व्हॉइसवरून (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलावरून) जीएसटीआर-१ आपोआप भरायला लागल्यापासून हे वाढलंय. सगळं भरलेलं दिसतं, म्हणून कुणी खाली बघत नाही. हे रकाने नंतरच्या जीएसटीआर-१ मधल्या टेबल ९ए या दुरुस्तीच्या तक्त्यात भरता येतात.

पोर्ट कोड सहा अक्षरांचा असतो. न्हावा शेवा म्हणजे आयएनएनएसए१, मुंबई एअर कार्गो म्हणजे आयएनबीओएम४. शेवटचा आकडा चुकला की गाव तेच राहतं पण कस्टम स्टेशन बदलतं.

दुसरा टप्पा : आइसगेटवरचा कोड

नोंद पोचली असेल तर आइसगेटवर लॉगिन करून आयजीएसटी व्हॅलिडेशनच्या पानावर शिपिंग बिलासमोर कोड दिसेल. एसबी ००० म्हणजे जुळलं. एसबी ००१ म्हणजे शिपिंग बिलाचा नंबर, तारीख किंवा पोर्ट कोड चुकलाय, ९ए मध्ये सुधारा. एसबी ००२ म्हणजे ईजीएम नाही, शिपिंग लाइनच्या किंवा एअरलाइनच्या मागे लागा. एसबी ००३ म्हणजे जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) जुळत नाही. एकाच कंपनीच्या दोन राज्यांत नोंदण्या असल्या की हे हमखास होतं. एसबी ००४ बघून लोक विनाकारण घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की तीच नोंद दुसऱ्यांदा आली, आधीची तपासून झाली आहे. एसबी ००६ आयसीडीवरून (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून) गेलेल्या मालाचा : तुमच्या आयसीडीतून निघाल्याची नोंद आहे, पण ज्या बंदरातून कंटेनर जहाजावर चढला तिथल्या ईजीएमशी ती जोडली गेलेली नाही. कंटेनर नंबरचा एक आकडा इकडे-तिकडे झाला तरी पुरतं.

आणि एसबी ००५ म्हणजे बिल नंबर जुळत नाही.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण मशीन अक्षराला अक्षर लावून बघतं. आपल्याला 'तेच बिल' कळतं, त्याला कळत नाही.

मागच्या वर्षीची एक केस सांगते. कोल्हापूरकडची एक फाउंड्री, सुटे भाग ओतून युरोपात पाठवतात. करपात्र मूल्य १८,४०,००० रुपये, १८ टक्क्यांनी आयजीएसटी ३,३१,२००. कोड ००५. अकाउंटंट साहेब शपथेवर सांगत होते की बिल एकच आहे. मी त्यांना दोन प्रिंट काढायला लावल्या. एक शिपिंग बिलाच्या इन्व्हॉइसच्या भागाची, दुसरी टेबल ६ए ची. दोन्ही शेजारी ठेवून खाली पट्टी धरली. शिपिंग बिलावर 'ईएक्सपी ४७'. ६ए मध्ये 'ईएक्सपी/०४७/२४-२५'. साहेब म्हणाले, "हो, तेच की!"

मला त्यातला फरक नको होता, तो कुणी केला हे हवं होतं. म्हणून सीएचएला गेलेल्या मेलची साखळी उघडली. कंटेनर गेट-इनची वेळ जवळ आली होती म्हणून आदल्या संध्याकाळी कारखान्यातून पॅकिंग लिस्ट आणि कच्चं बिल पाठवलं होतं. कच्च्या बिलावर कुणीतरी हाताने 'ईएक्सपी ४७' टाकलेलं. दुसऱ्या दिवशी माल भरल्यावर सॉफ्टवेअरमधून खरं टॅक्स इन्व्हॉइस निघालं, त्याला पूर्ण मालिकेचा नंबर लागला. ते सीएचएकडे गेलंसुद्धा, पण तोवर शिपिंग बिल कच्च्यावरून दाखल झालं होतं. त्याआधी चेकलिस्ट, म्हणजे शिपिंग बिलाचा मसुदा, मंजुरीला आली तेव्हा फाउंड्रीतल्या मुलाने वजन, पेट्या, खरेदीदाराचं नाव बघितलं आणि 'ओके' म्हणून कळवलं. बिल नंबर कोण बघतो?

एसबी ००५ ची माझ्याकडची निम्मी प्रकरणं याच वाटेने आलेली आहेत. उरलेल्यांत दोन मालिकांचा घोळ असतो : खरेदीदारासाठी डॉलरमधलं कमर्शियल इन्व्हॉइस एका नंबराने, आणि जीएसटीसाठी रुपयांतलं टॅक्स इन्व्हॉइस दुसऱ्या नंबराने. सीएचए कमर्शियलचा नंबर टाकतो, अकाउंटंट टॅक्सचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर. कस्टम्सच्या परिपत्रकांत स्पष्ट म्हटलंय की शिपिंग बिल आणि जीएसटी रिटर्न, दोन्हींत तेच जीएसटी इन्व्हॉइस वापरा. तरी जुन्या सवयीने दोन मालिका चालतात. मग राहतात टायपिंगच्या चुका : शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ', तिरक्या रेषेच्या जागी आडवी, नंबरच्या शेवटी डोळ्याला न दिसणारी मोकळी जागा.

आता उपाय. इथे एकच गोष्ट ठरवायची आहे, आणि ती चुकली की पुढचं सगळं चुकतं : चूक कोणत्या कागदात आहे?

टॅक्स इन्व्हॉइसचा खरा नंबर समोर ठेवा. शिपिंग बिलावर तोच आहे आणि जीएसटीआर-१ मध्ये वेगळा पडला असेल तर काम सोपं. टेबल ९ए मध्ये दुरुस्ती करा, रिटर्न भरा, नोंद पुन्हा आइसगेटकडे जाईल आणि तपासली जाईल. मुदत मात्र लक्षात ठेवा : आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच.

उलट असेल, म्हणजे जीएसटीआर-१ बरोबर आणि शिपिंग बिलावरचा नंबर चुकीचा, तर ९ए ला हात लावू नका. हे ठासून सांगावं लागतं, कारण इंटरनेटवरचा झटपट सल्ला असा असतो की "जीएसटीआर-१ मधला नंबर शिपिंग बिलाप्रमाणे करून टाका, सुटेल." रिफंड सुटेलही. पण मग तुमच्या रिटर्नमध्ये असा बिल नंबर दिसेल जो तुमच्या वहीत नाही, ज्याचं ई-इन्व्हॉइस नाही, आणि ऑडिटमध्ये पहिला प्रश्न तोच येईल. एक चूक झाकायला दुसरा कागद बिघडवू नये.

या केससाठी कस्टम्सने अधिकाऱ्याच्या हाताने जुळवणी करायची सोय ठेवली आहे. २३ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रक क्रमांक ५/२०१८ ने ती सुरू झाली. सुरुवातीला ठरावीक तारखेपर्यंतच्या शिपिंग बिलांसाठी होती, मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. शेवटी १७ फेब्रुवारी २०२१ च्या परिपत्रक ५/२०२१ ने एसबी ००५ साठी ती कायमची केली, १,००० रुपये शुल्क घेऊन. दोन्ही परिपत्रकांचा क्रमांक पाचच असल्यामुळे वर्ष लिहायला विसरू नका, अर्ज परत येतो.

तुम्ही द्यायचा मुख्य कागद म्हणजे कॉन्कॉर्डन्स टेबल. नाव भारदस्त आहे, पण हा साधा जुळवणीचा तक्ता : शिपिंग बिलाचा नंबर आणि तारीख, त्यावरचा बिल नंबर, करपात्र मूल्य, आयजीएसटी, आणि त्यासमोरच्या रकान्यांत जीएसटी इन्व्हॉइसचा नंबर, तारीख, मूल्य, आयजीएसटी. खाली सही-शिक्क्यानिशी घोषणा. सोबत टॅक्स इन्व्हॉइस, शिपिंग बिल आणि त्या महिन्याच्या दोन्ही रिटर्नच्या प्रती. ज्या बंदरातून किंवा आयसीडीतून माल गेला तिथल्या आयजीएसटी रिफंड कक्षात हे जातं, तुमच्या गावच्या जीएसटी ऑफिसात नाही. अधिकारी आकडे ताडून बघतो आणि प्रणालीत दोन्ही बिलं एकमेकांशी जोडतो. मग स्क्रोलचा मार्ग मोकळा होतो.

तक्ता करताना दोन ठिकाणी हात सांभाळा. एका शिपिंग बिलात तीन बिलं असतील आणि कोड एकाच बिलावर असला तरी तक्त्यात तिन्ही लिहा. प्रणाली पूर्ण शिपिंग बिलाचा विचार करते. दोन बिलं ००० आणि तिसरं ००५ असेल तर स्क्रोल अडतो. "दोन तर जुळलीत, निदान त्यांचे तरी पैसे द्या" असं होत नाही. दुसरं म्हणजे रक्कम. बिल नंबर जुळल्यावर प्रणाली आयजीएसटीची रक्कम दोन्हीकडे बघते आणि फरक असेल तर कमी असलेली धरते. त्याच फाउंड्रीच्या आणखी एका शिपिंग बिलात ३,३१,२०० ऐवजी ३,१३,२०० पडलं होतं. दोन आकडे उलटसुलट, १८,००० रुपयांचा फटका. ००५ सोडवायच्या नादात तो दिसलाच नसता. तक्ता करताना प्रत्येक आकडा मूळ कागदावरून लिहायचा, एक्सेलमधल्या जुन्या ओळीची नक्कल करायची नाही, असा नियम मी तेव्हापासून केलाय.

माल अजून निघाला नसेल तर मात्र एवढं सगळं करावं लागत नाही. एलईओ (माल निर्यातीला सोडायचा कस्टम्सचा आदेश) व्हायच्या आत चूक दिसली तर सीएचएकडून लगेच दुरुस्ती अर्ज टाका. माल गेल्यानंतर शिपिंग बिल सुधारायला सीमाशुल्क कायद्याचं कलम १४९ आहे, पण त्याला निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांचाच पुरावा चालतो, आणि फक्त बिल नंबरासाठी त्या वाटेला जाणं म्हणजे वर सांगितलेला जवळचा रस्ता सोडून घाट चढणं.

तिसरा टप्पा : एसबी ००० दिसतंय, तरी पैसे नाहीत

इथे आधी शिपिंग बिलावर आयजीएसटीचा पर्याय काय टाकलाय ते बघा. कर भरून निर्यात असेल तर 'पी' (पेड) हवा. सीएचएने सवयीने 'एलयूटी' (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) टाकलं असेल तर प्रणालीच्या मते तुम्ही कर भरलेलाच नाही, रिफंड कसला? ज्यांचा निम्मा माल एलयूटीवर जातो त्यांच्याकडे हे घडतं.

तो ठीक असेल तर बँक खातं. स्क्रोल निघतो, पीएफएमएस खातं तपासतं, नाव किंवा आयएफएससी जुळलं नाही की परत पाठवतं. बँकांच्या विलीनीकरणानंतर याचा पूर आला होता. १ एप्रिल २०१९ ला विजया आणि देना बँक ऑफ बडोदात गेल्या, १ एप्रिल २०२० ला आणखी सहा बँका चार बँकांमध्ये गेल्या, पुढे जुने आयएफएससी बंद झाले. चेकबुक बदललं, लेटरहेड बदललं, आइसगेटवरचं खातं तेच राहिलं. वर्षातून एकदाच निर्यात करणाऱ्यांकडे अजूनही तसं सापडतं. आइसगेटवर लॉगिन करून खात्याची स्थिती बघा, लागलं तर नवीन खातं जोडा. मंजूर झालं की अडकलेली रक्कम पुढच्या स्क्रोलमध्ये येते.

हे दोन्ही बरोबर असून पैसे थांबले असतील तर निर्यातदार जोखीम-तपासणीच्या यादीत असण्याची शक्यता असते. तो वेगळाच विषय, त्यात स्थानिक जीएसटी अधिकाऱ्याकडून पडताळणी होते. कॉन्कॉर्डन्स टेबल देऊन तिथे काही हलत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

फाउंड्रीत आम्ही तीन बदल केले. कमर्शियल आणि टॅक्स इन्व्हॉइसची मालिका एकच केली. नंबर आखूड आणि सरळ ठेवला. नियम ४६ प्रमाणे १६ अक्षरांपर्यंत चालतो, त्यात अक्षरं, अंक, आडवी आणि तिरकी रेघ एवढंच; आणि ई-इन्व्हॉइसला शून्याने किंवा रेघेने सुरू होणारा नंबर चालत नाही, त्यामुळे '०४७/२४-२५' अशी सुरुवात तिथेच नाकारली जाते. मी तर तिरक्या रेघासुद्धा काढून टाकायला लावल्या. जितकी कमी चिन्हं, तितकी टाइप करणाऱ्याची सोय.

दुसरा बदल : सीएचएला कच्चं बिल पाठवायचं असेल तर पाठवा, घाई समजू शकते, पण त्यावर नंबराच्या जागी 'नंबर नंतर' असं ठळक लिहा. चुकीचा नंबर दिसला तर कुणी तो टाकून मोकळं होतं. जागा रिकामी दिसली तर फोन करावाच लागतो.

तिसरा बदल चेकलिस्टचा. व्हॉट्सअॅपवर 'ओके' पाठवणं बंद. चेकलिस्ट आली की टॅक्स इन्व्हॉइस हातात घेऊन चार गोष्टी सीएचएच्या माणसाला फोनवर वाचून दाखवायच्या : बिल नंबर, जीएसटीआयएन, करपात्र मूल्य, आयजीएसटीची रक्कम आणि त्यासमोरचा 'पी'. (मोजल्या तर पाच होतात, पण 'पी' रकमेच्या ओळीतच असतो.) पहिल्या आठवड्यात सीएचएकडचा मुलगा वैतागला होता. "मॅडम, चेकलिस्ट तर मीच केलीय, मलाच काय वाचून दाखवता?" मग त्याच आठवड्यात एका चेकलिस्टमध्ये नंबराचा शेवटचा आकडा वेगळा निघाला. आता तोच आधी फोन करतो आणि म्हणतो, "हं, वाचा."